शॉकअपपेक्षा त्याचे दागिनेच महाग: काय घ्यावं, काय सोडावं?

गाळा_नंबर_17 · 14 मे, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, फ्लायअ‍ॅश (राखेच्या) विटांची मशिनं बनवतो. प्रेसखालून विटांची पॅलेट पुढे ढकलणारी एक ट्रॉली असते, तिच्या शेवटच्या धक्क्यासाठी हायड्रॉलिक शॉकअप लावलाय. म्हणजे गाडीचा नाही हां, तो मशीनवाला, धक्का तेलात जिरवणारा, एम 25 चे आटे, 25 मिमी स्ट्रोक (म्हणजे रॉड तेवढी आत जाते). ट्रॉली मालासकट 150 किलो धरा, मागून 63 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) एअर सिलेंडर 5 बारवर ढकलतो, शेवटी वेग सेकंदाला मीटरभर. मिनिटाला 8 फेऱ्या.

एका गिऱ्हाइकाकडे चार महिन्यांत तीन शॉकअप गेले. आधी तेल पाझरतं, मग रॉड आत जाते ती बाहेरच येत नाही, आणि मग ट्रॉली धाडकन आपटते की अख्खी फ्रेम हलते. गिऱ्हाईक म्हणतो मशीनच भंगार आहे. सप्लायरला विचारलं तर त्याने कोटेशन पाठवलं, त्यात बेलोज (रॉडवर चढवायचा घड्यांचा भाता), ट्रॉली शेवटी टेकायची स्टॉप कॉलर, साइड लोड अ‍ॅडॉप्टर (तिरपा मार झेलणारा), रॉडच्या टोकाला लावायची स्टीलची टोपी, शॉकअप पकडायचा क्लॅम्प ब्लॉक आणि वरून हवा मारायची एक कॉलर. सगळं मिळून शॉकअपच्या किमतीच्या वर जाते. नवरीपेक्षा दागिने जड.

यातलं खरंच लागते काय आणि गळ्यात मारलं जातेय काय? घाईत तीन बेलोज तर घेऊनही टाकले, कारण राख एवढी उडते तिथे की माणूस ओळखू येत नाही.

तर्री_पोहे · 14 मे, रात्री 10:02

भाऊ, गिऱ्हाइकाले बेलोज लावा, शॉकअपले तर्री पाजा.

पिंपरीचा_पाहुणा · 14 मे, रात्री 10:31

आधी हिशोब करू या म्हणजे साइज तरी बरोबर आहे का कळेल. चालत्या वस्तुमानाची ऊर्जा 75 ज्यूल (अर्धा गुणिले 150 गुणिले वेगाचा वर्ग). पण सिलेंडर शेवटपर्यंत ढकलतच असतो हे लोक विसरतात. 63 बोअर, 5 बार म्हणजे साधारण 1560 न्यूटन, गुणिले 25 मिमी, म्हणजे अजून 39 ज्यूल. एकूण 114 एका धक्क्याला. तुमच्या कॅटलॉगमध्ये दर धक्क्याची आणि दर तासाची अशा दोन मर्यादा असतील, दोन्ही बघा. दुसरी कोणी बघतच नाही. मिनिटाला 8 फेऱ्या म्हणजे तासाला 55 हजार ज्यूलच्या जवळ जातंय.

गाळा_नंबर_17 · 14 मे, रात्री 10:48

दोन्ही बघितल्या, दोन्हीत बसते. तासाच्या मर्यादेत फार ढील नाही, पण बसते.

उन्हाळी_मिरची · 14 मे, रात्री 11:15

नागपूर. मे महिना. अजून काय सांगू? कॅटलॉगमधली तासाची मर्यादा साध्या खोलीच्या तापमानाला असते दादा, आपल्याकडे शेडखाली दुपारी दोनला काय असते ते तुम्हाला माहीत आहे. 23 मे 2013 ला 47.9 झालं होतं, विसरलात? तेल पातळ होते, पातळ तेल भोकातून भसकन निघून जाते आणि शॉकअप शेवटी आपटतो. माझा प्रश्न, सकाळी ठीक आणि दुपारी धाडधाड असं होते का?

तर्री_पोहे · 14 मे, रात्री 11:20

47.9 काय घेऊन बसले, 2024 मधे तर 56 दाखवलं होतं एका यंत्रानं, मग हवामान खातं म्हणते सेन्सर बिघडला होता. त्या सेन्सरले बेलोज नव्हता वाट्टे.

गाळा_नंबर_17 · 15 मे, सकाळी 7:40

@उन्हाळी_मिरची दुपारी आवाज वाढतो हे खरं आहे. पण पहिला शॉकअप जानेवारीत गेला, तेव्हा रात्री शेकोटी पेटवत होते पोरं.

उन्हाळी_मिरची · 15 मे, सकाळी 8:05

मग मी माझी मिरची परत घेते.

मेंटेनन्स_मावशी · 15 मे, सकाळी 9:10

बुटीबोरीत बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलीत म्हणून सरळ बोलते. तुम्ही आजारी माणसाला न बघता औषधाच्या दुकानात उभे आहात. तीन मेलेले शॉकअप फेकले की आहेत? असतील तर टेबलावर घ्या, रॉड फडक्याने पुसा, उजेडात फिरवून बघा. मला चार गोष्टी सांगा.

रॉडवरचं क्रोम सगळीकडे सारखं घासलंय की एकाच बाजूला चकाकी गेलीय? रॉडच्या टोकाला, म्हणजे आदळते तिथे, मध्यभागी खूण आहे की कडेला? समोर ट्रॉलीवर आदळायच्या जागी खड्डा पडलाय का? आणि आट्यांवर पाइप पान्याचे दात उमटलेत का?

राखेने मेला तर रॉड चारी बाजूंनी बारीक ओरखड्यांनी भरलेली असते, पॉलिश पेपर मारल्यासारखी. तिरप्या माराने मेला तर एकच बाजू खाल्लेली असते. दोन्हीचं औषध वेगळं.

सीएनसी_काका · 15 मे, सकाळी 10:22

मावशीबाईंना दुजोरा. एक भर घालतो. पुष्कळ ठिकाणी शॉकअप मरत नाही, ब्रॅकेट मरते आणि नाव शॉकअपचं होते. पाहुण्याने 114 ज्यूल काढले, ते 25 मिमीत थांबवायचे म्हणजे सरासरी साडेचार हजार न्यूटन. सरासरी आणि शिखर वेगळं, म्हणून मी दीडपट धरतो, म्हणजे 6800 च्या पुढे, सातशे किलोच्या जवळपास. आता सांग बाबा, तुझं ब्रॅकेट सातशे किलो झेलते का? मिनिटाला आठदा? 6 मिमीच्या अँगलला भोक पाडून दोन नटांत पकडला असशील तर तो अँगल दर धक्क्याला मान डोलावतो, अन् अँगल डोलला की शॉकअप तिरपा होतो, अन् मग मावशीबाईंची एक बाजू खाल्लेली रॉड.

गाळा_नंबर_17 · 15 मे, सकाळी 10:40

काका तुम्ही आमच्या शेडमध्ये येऊन गेलात का? 6 मिमीचाच अँगल आहे.

वरोऱ्याचा_फिटर · 15 मे, दुपारी 1:15

मी म्हणतो एवढं डोकं कायले लावता, पीयूचा (रबरासारख्या पॉलियुरेथेनचा) बफर लावा मोठा, क्रेनच्या टोकाले असते तसा. तेल नाही, सील नाही, राखेचं टेन्शन नाही. आमच्याकडे ईओटी क्रेनवर (शेडच्या छताखाली चालते ती) वर्षानुवर्षं लागून आहे.

पिंपरीचा_पाहुणा · 15 मे, दुपारी 2:03

क्रेनला चालतं कारण क्रेन रोज मिनिटाला आठदा टोकाला आदळत नाही (आदळत असेल तर ऑपरेटर बदला). रबर किंवा पीयू दबतो तेव्हा बरीचशी ऊर्जा साठवतो आणि परत फेकतो. ट्रॉली उसळून मागे येणार, वर ओल्या विटा आहेत ना? शॉकअप ती ऊर्जा तेल बारीक भोकांतून दाबून उष्णतेत घालवतो, परत देत नाही, म्हणून तर त्याचे पैसे.

वरोऱ्याचा_फिटर · 15 मे, दुपारी 2:20

ओल्या विटा इसरलो. हाव, मग नाही जमत.

मेंटेनन्स_मावशी · 15 मे, दुपारी 2:34

फिटर भाऊ, तुमचं अगदीच चुकीचं नाही. जिथे उसळी चालते, फेऱ्या कमी आहेत, नेमक्या जागी थांबायची गरज नाही, तिथे पीयू लावून मोकळं व्हावं. मी स्वतः दोन ठिकाणी शॉकअप काढून बफर लावलेत.

लिफ्टवाला · 15 मे, सायंकाळी 6:45

विषय निघालाच आहे तर, लिफ्टच्या खड्ड्यात पण हेच भांडण असते. सेकंदाला 1 मीटरपर्यंतच्या लिफ्टला स्प्रिंग चालते, त्याच्या वर तेलाचा बफर लागतो. आणि आपल्या नागपुरात पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, बफर कमरेएवढ्या पाण्यात उभा, सोसायटी म्हणते मागच्या वर्षी पण असंच होतं काही झालं नाही.

तर्री_पोहे · 15 मे, सायंकाळी 6:52

लिफ्टवाले भाऊ, तुमच्या बफरले लाइफ जॅकेट लागते, बेलोज नाही.

जिनिंगवाला · 15 मे, रात्री 8:30

बेलोजवरून आठवलं. आमच्या जिनिंगमध्ये कापसाचा रुआ उडते, सगळ्यात घुसते. मी बाईकच्या पुढच्या फोर्कचा रबरी बूट आणला सीताबर्डीवरून, कापला, दोन्हीकडून क्लिप मारली, शॉकअपच्या रॉडवर चढवला. तीन महिने फर्स्ट क्लास. मग उंदराने खाल्ला.

सीएनसी_काका · 15 मे, रात्री 8:51

उंदराच्या आधी दुसऱ्या गोष्टीने खाल्ला असता, सांगतो. बेलोज पूर्ण मिटला तरी त्याच्या घड्यांची जाडी उरतेच. ती जागा ठेवली नाही तर रॉडचा स्ट्रोक पुरा व्हायच्या आधी बेलोजच ठोकर खातो. म्हणजे 25 चा शॉकअप घेतला अन् वापरला 15 चाच. 114 ज्यूल 15 मिमीत थांबवायला किती जोर लागेल ते पाहुण्याला विचारा.

पिंपरीचा_पाहुणा · 15 मे, रात्री 9:04

सिलेंडरचा वाटा थोडा कमी होईल पण तरी सरासरी साडेसहा हजारच्या आसपास. म्हणजे ब्रॅकेटची अजून कंबर मोडली.

गाळा_नंबर_17 · 16 मे, सकाळी 11:30

साइटवर जाऊन आलो. तिन्ही मेलेले शॉकअप गिऱ्हाइकाने भंगारच्या पोत्यात टाकले होते, काढून आणले. मावशी, तुमच्या चार प्रश्नांची उत्तरं:

1. तिन्हींची रॉड एकाच बाजूने खाल्लेली. नख फिरवलं तर लागते. दुसरी बाजू आरशासारखी.
2. टोकाची खूण मध्यभागी नाही, कडेला, चंद्रकोरीसारखी.
3. समोरच्या एमएस (साध्या स्टीलच्या) पट्टीत रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा, आणि रॉडचं टोक त्यातच जाऊन बसते.
4. पाइप पान्याचे दात आहेत. एकावर तर पकडीचे पण आहेत, तेही रॉडवर. कोणीतरी अडकलेली रॉड पकडीने ओढून बाहेर काढली.

आणि पाचवी तुम्ही विचारलीच नव्हती. आमच्या पेंटरने शॉकअपसकट सगळं मशीन राखाडी रंगवलंय. रॉडवर पण फवारा.

मेंटेनन्स_मावशी · 16 मे, दुपारी 12:05

देवा.

उन्हाळी_मिरची · 16 मे, दुपारी 12:10

रंगावर मी बोलणार, माझा विषय आहे! शॉकअपला रंग मारायचाच नसतो. त्याचं शरीर म्हणजेच त्याचा रेडिएटर. तुमचे तासाचे 55 हजार ज्यूल म्हणजे हिशोब करा, 15 वॉटचा बल्ब त्या नळीत दिवसभर पेटलेला. ऐकायला काही नाही, पण बाहेर 45 असताना तो 15 वॉट बाहेर पडायला जागा पाहिजे. बऱ्याच कॅटलॉगमध्ये वरची मर्यादा 65 अंशांच्या आसपास असते. त्यावर रंगाचा थर, त्यावर राखेचा थर, म्हणजे गोधडीच की. आणि रॉडवरचा रंग सीलमधून आत जाताना पापुद्रे निघतात ते वेगळंच.

तर्री_पोहे · 16 मे, दुपारी 12:14

पेंटरच्या हातात फवारा अन् पोराच्या हातात पिचकारी, कोणी सुटत नसते बाप्पा.

सीएनसी_काका · 16 मे, दुपारी 1:40

खड्ड्याचं सांगतो. एमएसची नरम पट्टी, त्यावर रोज हजारो वेळा तेच टोक. खड्डा पडणारच. अन् एकदा पडला की टोक सरकू शकत नाही, ट्रॉली जराशी आडवी गेली तर रॉडला सोबत ओढते. म्हणून समोर हार्ड केलेला तुकडा लागतो, एखाद्या हार्ड बोल्टचं डोकं ग्राइंड करून लाव, पण पृष्ठभाग सपाट आणि शॉकअपला काटकोनात. स्टीलची टोपी यासाठीच असते, ती मार पसरवते. टोपी विकतात म्हणून हसू नको, तुझ्या यादीतली सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात कामाची वस्तू तीच. नायलॉन किंवा पीयू डोक्याची पण येते, आवाज कमी करते, पण तुझ्याकडे राख त्यात रुतून बसेल. स्टीलचीच घे. टोपीने लांबी वाढते, तेवढा शॉकअप मागे घे.

गाळा_नंबर_17 · 16 मे, दुपारी 1:52

काका, टोपी शॉकअपसोबत आली होती! ऑपरेटर म्हणतो ती ढिली होऊन पडायची म्हणून त्याने काढून ठेवली. ठेवली कुठे ते आता त्याला आठवत नाही.

झुलता_दरवाजा · 16 मे, दुपारी 3:18

धाग्यात मध्येच घुसतो माफ करा. आमच्याकडे ट्रॉली नाही, बिजागरीवर फिरणारं गेट आहे. शॉकअप गेटच्या बिजागरीपासून 300 मिमीवर, स्ट्रोक 25. त्याचं पण एक बाजू खाते. फिरतंच आहे म्हटल्यावर तिरपं लागणारच ना, मग अ‍ॅडॉप्टर घेऊ का?

पिंपरीचा_पाहुणा · 16 मे, दुपारी 3:40

300 वर 25 चा स्ट्रोक म्हणजे गेट त्या वेळात पावणेपाच अंश फिरतं. छोट्या शॉकअपना साधारण 2 अंशांपर्यंत चालतं, मोठ्यांना थोडं जास्त, तुमच्या कॅटलॉगमध्ये आकडा असेल. दोन फुकटचे उपाय आधी करा. पहिला, शॉकअप असा बसवा की स्ट्रोकच्या मधोमध तो गेटला बरोबर काटकोनात असेल, सुरुवातीला किंवा शेवटी नाही. मग पावणेपाचचे दोन तुकडे होतात, इकडे 2.4 तिकडे 2.4. दुसरा, बिजागरीपासून लांब सरकवा. 600 वर नेला तर एका बाजूला 1.2 च राहतो. मात्र लांब नेलं की तिथला वेग दुप्पट होतो, म्हणजे शॉकअप परत निवडावा लागेल. जागाच नसेल तर अ‍ॅडॉप्टर, त्यात वेगळ्या बुशमध्ये चालणारा एक प्लंजर आडवा मार स्वतः खातो आणि शॉकअपच्या रॉडला फक्त सरळ ढकलतो. काही मेकर 25 अंशांपर्यंत देतात.

झुलता_दरवाजा · 16 मे, दुपारी 3:55

सरळ बसवायचा होता की तिरपा हे दीड वर्षात कोणी सांगितलं नव्हतं. आभार.

मेंटेनन्स_मावशी · 16 मे, रात्री 9:20

@गाळा_नंबर_17 आता तुमच्या ट्रॉलीचं बोलू. ती तर सरळ रुळावर चालते, मग तिरपं का लागतं? शॉकअप ट्रॉलीच्या मधोमध आहे का?

गाळा_नंबर_17 · 16 मे, रात्री 9:31

नाही. मधे सिलेंडर आहे ना. शॉकअप डावीकडे, सिलेंडरपासून 180 मिमीवर.

मेंटेनन्स_मावशी · 16 मे, रात्री 9:44

सापडला चोर.

सिलेंडर मधून ढकलतोय, शॉकअप डावीकडून अडवतोय, तर उजवी बाजू पुढे जाणारच. ट्रॉली दर धक्क्याला डाव्या खांद्यावर वळते. चाकांना नवीन असताना थोडा खेळ असतो, राखेने चाकं झिजली की अजून. तुमची चंद्रकोर तिथून आली. या मशीनला तुम्ही कितीही बेलोज घाला, आतली रॉड तशीच खाल्ली जाणार, फक्त तुम्हाला दिसणार नाही.

वरोऱ्याचा_फिटर · 16 मे, रात्री 10:00

मग दोन लावा, एक डावीकडे एक उजवीकडे, बरोबरी होऊन जाईल.

सीएनसी_काका · 16 मे, रात्री 10:18

लावता येतात, प्रत्येकाच्या वाट्याला 57 ज्यूल. पण दोघांनी एकाच वेळी हात लावला पाहिजे. एक दोन मिमी पुढे राहिला तर पहिला सगळा मार खातो, दुसरा नुसता बघ्या. विटांच्या मशीनवर ते सेटिंग कोण राखणार? माझं मत, सिलेंडरच्या खाली, मधल्या रेषेवरच, एक शॉकअप. थोडं खाली असल्याने ट्रॉली नाक खुपसू पाहते, पण रूळ तिला खालून धरून आहेत, आडवं वळणं त्यापेक्षा वाईट.

वरोऱ्याचा_फिटर · 16 मे, रात्री 10:25

काका, आमच्याकडे दोन लावलेले चालून राहिले ना. नटाखाली पातळ वायसर टाकून जुळवतो, महिन्यातून एकदा पाहतो.

सीएनसी_काका · 16 मे, रात्री 10:33

तू महिन्यातून एकदा पाहतोस म्हणून चालतात. याचा ऑपरेटर टोपी हरवतो.

क्लॅम्पप्रेमी · 17 मे, सकाळी 8:15

लॉकनट विरुद्ध क्लॅम्प ब्लॉक यावर कोणीच बोललं नाही म्हणून बोलतो. दीड मिमी पिचचे बारीक आटे, दोन लॉकनट, धक्के रोजचे हजारो. नट ढिला होतो, शॉकअप फिरत फिरत मागे जातो आणि स्ट्रोकचं सेटिंग बिघडतं. फटीचा क्लॅम्प ब्लॉक घ्या, आटे सगळीकडून पकडतो. फक्त बोल्ट सांगितलेल्या टॉर्कलाच कसा. आमच्या एका पोराने पाइप घालून कसला, नळी चेपली, आतला पिस्टन जॅम. नवीन शॉकअप, एक धक्का न खाता मेला.

मेंटेनन्स_मावशी · 17 मे, सकाळी 8:40

ब्लॉक चांगलाच. पण जाड प्लेटमध्ये आटे पाडून एक लॉकनट मागून मारला तरी माझ्याकडे वर्षानुवर्षं टिकलंय. पातळ प्लेट आणि दोन नट ही जोडी मात्र नको. आणि कृपा करून पाइप पाना नाही, षटकोन असेल तर साधा पाना, गोल खाचांचा नट असेल तर हूक पाना.

गाळा_नंबर_17 · 17 मे, सकाळी 9:05

स्टॉप कॉलरचं काय मग? ती घेऊ का?

पिंपरीचा_पाहुणा · 17 मे, सकाळी 9:30

स्टॉप हवाच. काही शॉकअपमध्ये तो आतच असतो, कॅटलॉग बघा. नसेल तर रॉड पूर्ण आत जायच्या अर्धा ते एक मिमी आधी ट्रॉली दुसऱ्या कशावर तरी टेकली पाहिजे, नाहीतर शेवटचा ठोका आतला पिस्टन झेलतो. कॉलर शॉकअपच्या आट्यांवरच चढते, सोपी आहे, जागा कमी लागते.

सीएनसी_काका · 17 मे, सकाळी 9:52

पण तिने घेतलेला जोर परत शॉकअपच्याच आट्यांतून ब्रॅकेटला जातो. दीडशे किलोची ट्रॉली अन् मागून सिलेंडर चालूच. मी तर फ्रेमवर डावी उजवीकडे दोन स्टॉप बोल्ट लावले असते, लॉकनटसकट. दोन बोल्ट सिलेंडरच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर, ट्रॉली सरळ टेकते. कॉलरचे पैसे वाचले.

राख_आणि_मी · 17 मे, दुपारी 4:10

हवेच्या कॉलरबद्दल, कारण मी लावली होती. तिच्यात अर्धा ते एक बार हवा सोडायची, ती रॉडच्या भोवतीने बाहेर येत राहते, राख आत शिरत नाही. कल्पना उत्तम. आमच्या साइटवर कॉम्प्रेसरला ड्रायर नाही, फिल्टरमधलं पाणी कोणी सोडत नाही. पावसाळ्यात ती कॉलर रॉडवर पाण्याचा बारीक फवारा मारायला लागली. राख अधिक सिमेंट अधिक पाणी. पुढे सांगायची गरज आहे का? रॉडच्या भोवती आम्ही वीटच पाडली.

तर्री_पोहे · 17 मे, दुपारी 4:13

आतापर्यंतची सगळ्यात छोटी वीट. भाव काय लावला?

राख_आणि_मी · 17 मे, दुपारी 4:30

शॉकअपच्या किमतीएवढा. असो. कोरडी हवा असेल तर लावा, नाहीतर वरून पत्र्याची छत्री करा. राख वरूनच पडते जास्त.

जिनिंगवाला · 17 मे, दुपारी 4:44

म्हणजे बेलोज वाईटच का? माझा उंदीर सोडून.

मेंटेनन्स_मावशी · 17 मे, सायंकाळी 5:20

वाईट नाही. कोरडी धूळ असेल, बसायला जागा असेल, श्वास घ्यायचं भोक धुळीपासून लांब काढलेलं असेल, आणि कोणी महिन्यातून एकदा बघत असेल तर उपयोगी. पण बेलोज दर फेरीला मिटतो आणि फुगतो, म्हणजे भात्यासारखा हवा ओढतो. एक चीर पडली की राख आत खेचून घेतो आणि बाहेर सोडत नाही. मग रॉड पॉलिश पेपरच्या पिशवीत चालते. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे तर प्लास्टिकचा बेलोज आठवडाभर टिकत नाही. म्हणून मी छत्री आधी, बेलोज नंतर.

गाळा_नंबर_17 · 17 मे, रात्री 9:15

सगळ्यांचे आभार. आता बदल करतो, मग सांगतो. सप्लायरला काय सांगू पण? बिचारा रोज फोन करून राहिला.

तर्री_पोहे · 17 मे, रात्री 9:18

सांग, नवरीचं लग्न दुसऱ्या मुहूर्तावर ढकललं.

क्लॅम्पप्रेमी · 29 जुलै, सकाळी 10:00

धागा वर काढतोय. काय झालं हो गाळेवाले?

गाळा_नंबर_17 · तान्हा पोळा, रात्री 10:20

उशीर झाला, माफी. जूनच्या पहिल्या आठवड्यात बदल केले, म्हणजे आता तीन महिन्यांच्या आसपास होऊन राहिले.

शॉकअप सिलेंडरच्या खाली मधल्या रेषेवर आणला. ब्रॅकेट 16 ची प्लेट, दोन्हीकडून गसेट (त्रिकोणी टेकू), प्लेटमध्येच आटे आणि मागून एक लॉकनट. फ्रेमवर दोन स्टॉप बोल्ट, रॉडला पाऊण मिमी उरते तेव्हा ट्रॉली टेकते. समोर हार्ड बोल्टचं डोकं ग्राइंड करून. स्टीलची टोपी नवीन घेतली, ढिली होऊ नये म्हणून थ्रेडलॉक (आटे चिकटवायचा गोंद) लावला आणि ऑपरेटरला दाखवून ठेवलं की ही टोपी माझी आहे, तुझी नाही. वर पत्र्याची छत्री. शॉकअपवर रंग नाही, पेंटरसमोर मी स्वतः त्यावर पेपर टेप मारली. ट्रॉलीची दोन चाकं बदलली. साइड लोड अ‍ॅडॉप्टर, कॉलर, हवा, काही घेतलं नाही.

पावसाळा बराचसा गेला, एकच शॉकअप चालू आहे. काल काढून रॉड बघितली. फडक्याने पुसली, उजेडात फिरवली मावशींनी सांगितलं तशी. बारीक ओरखडे आहेत पण चारी बाजूंनी सारखे. टोकाची खूण मध्यभागी, गोल.

मेंटेनन्स_मावशी · तान्हा पोळा, रात्री 10:41

गोल! छान. चारी बाजूंचे ओरखडे राखेचे. आता राखेचा प्रश्न खरा सुरू झालाय, आता बेलोजबद्दल बोलू शकतो आपण.

गाळा_नंबर_17 · तान्हा पोळा, रात्री 10:50

तेच विचारणार होतो. घेतलेले तीन होते ना, त्यातला एक लावून बघू म्हटलं. घड्यांची जागा धरून शॉकअप मागे घ्यावा लागेल, तेवढी जागा आहे.

तर्री_पोहे · तान्हा पोळा, रात्री 10:55

आज मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पण होती. ते तीन मेलेले शॉकअप पिवळ्या मारबतीसंग धाडून द्यायचे होते ना भाऊ, ईडा पीडा घेऊन जाय री मारबत, तिरपा मार घेऊन जाय री मारबत.

गाळा_नंबर_17 · तान्हा पोळा, रात्री 11:08

😄 ते मावशींसाठी ठेवलेत, नवीन पोरांना शिकवायला.

बाकी बेलोज दोनच उरले. पोराने आज लाकडी बैल सजवला, शेडमधला राखाडी रंग मारला त्याला, आणि गळ्यात घालायला माळ नव्हती म्हणून तिसरा बेलोज चढवला. मिरवणुकीत सगळे विचारत होते हा दागिना कुठून आणला.